लेखकांची उपजीविका आणि ग्रंथलेखन : देहू–चाकण–पिंपरी परिसर

मराठीत ग्रंथलेखन हा स्वतंत्रपणे उपजीविका देणारा व्यवसाय क्वचितच राहिला आहे. बहुतेक मराठी ग्रंथकारांना दुसरा एखादा उद्योग करूनच लेखन करावे लागले. कोणी वाणसामानाचे दुकान चालविले, कोणी तेलाचा घाणा. पुढे कोणी शाळेत शिकविले, कोणी कारकुनी केली, तर कोणी यंत्रावर पाळी भरली. हा उद्योग लेखकाच्या चरित्रातील किरकोळ तपशील म्हणून सांगण्याची प्रथा असली, तरी त्याचा लेखनाशी संबंध फार जवळचा असतो. लेखकाला दिवसातला कोणता वेळ मिळणार, त्याच्या कानांवर कोणती भाषा पडणार, त्याचे लिखाण छापणाऱ्यांपर्यंत पोहोचणार की नाही आणि छापले गेल्यावर ते कोणत्या नावाखाली वाचले जाणार, ह्या चारही गोष्टी बव्हंशी त्याच्या उपजीविकेवर ठरतात. पुणे जिल्ह्यातील इंद्रायणी, पवना व भामा ह्या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला पिंपरी-चिंचवड–चाकण हा औद्योगिक पट्टा ह्या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. त्याच्या एका अंगाला देहू व दुसऱ्या अंगाला आळंदी आहे. म्हणजे सतराव्या शतकातील एका दुकानदाराच्या कवितेपासून विसाव्या शतकातील कारखान्यापर्यंतचा पल्ला येथे काही कोसांच्या आत सामावतो.

मुद्रणपूर्व काळ : मराठी संतकवींनी आपला व्यवसाय कधी लपविला नाही. नामदेव शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी ही नावे व्यवसायासकटच रूढ झाली. चोखामेळ्याचा अंत मंगळवेढे येथे गावकुसाचे बांधकाम करीत असता ते कोसळून झाला, अशी परंपरा आहे. ह्या कवींची भाषा मंदिरातल्यापेक्षा कामाच्या जागेवरची अधिक आहे, हे त्यांच्या रचना वाचताना सहज लक्षात येते.

देहूच्या तुकारामांचे (१६०८–५०) घराणे व्यापारी होते आणि गावच्या बाजारपेठेची महाजनकी त्यांच्याकडे होती. वडील बोल्होबा निवर्तले, थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेले, त्यामुळे प्रपंच व दुकान ह्यांचा भार ऐन तारुण्यात तुकारामांवर पडला. १६२९–३१ च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी व मुलगा दगावले, व्यापार बुडाला. पुढे वडिलार्जित कर्जरोख्यांपैकी धाकटे बंधू कान्होबा ह्यांच्या वाट्याचे रोखे त्यांना देऊन तुकारामांनी आपल्या वाट्याचे इंद्रायणीत बुडविले, असे परंपरा सांगते. ही घटना सामान्यतः वैराग्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. परंतु तिचा आर्थिक अर्थही तितकाच स्पष्ट आहे. दुष्काळात नागवल्या गेलेल्या कुळांकडून येणे वसूल करावयाचे नाही, असा एका सावकाराने घेतलेला तो निर्णय होता. व्यापार सोडला तरी व्यापाऱ्याची भाषा तुकारामांनी सोडली नाही. भांडवल, मुद्दल, माप, पेठ, नफा-तोटा हे शब्द त्यांच्या अभंगांत आध्यात्मिक अर्थाने पुनःपुन्हा येतात. माप हातात धरलेल्या माणसालाच सुचावीत अशी ही रूपके आहेत.

तुकारामांच्या काव्याच्या जतनाची कथा ह्या दृष्टीने अधिक उद्‌बोधक आहे. त्यांच्या टाळकऱ्यांपैकी दोघांनी अभंग लिहून ठेवण्याचे काम केले, असे मानले जाते. कडूस येथील गंगाराम मवाळ हे ब्राह्मण होते, तर संताजी जगनाडे हे चाकणचे तेली. लेखनवाचन ही मुख्यतः कुलकर्णी, जोशी ह्यांसारख्या वतनदार वर्गाच्या हाती असलेल्या काळात घाणा चालविणाऱ्या एका माणसाने शेकडो अभंग वहीत उतरवून घ्यावेत, ही गोष्ट साधी नाही. बाजाराशी संबंध असल्याने तेल्याला हिशेबापुरते लिहिणे येत असावे आणि त्याच हिशेबी अक्षराने गाथेचे रक्षण केले, असा तर्क करता येतो. संताजींची समाधी चाकणजवळ सुदुंबरे येथे आहे. जगनाडे घराण्यातील वह्यांच्या आधारे तुकारामांच्या अभंगांचा संग्रह पुढे वि. ल. भावे (१८७१–१९२६) ह्यांनी प्रसिद्ध केला. महाराष्ट्र सारस्वतकार म्हणून प्रसिद्ध असलेले भावे हे ठाण्याचे राहणारे व व्यवसायाने मिठाचे व्यापारी होते. वाण्याने रचलेले, तेल्याने लिहिलेले व मीठवाल्याने छापलेले काव्य, असे ह्या गाथेचे वर्णन केल्यास ते वस्तुस्थितीला धरूनच होईल. विद्वानांच्या व शासनाच्या वाटेने झालेले कार्य अर्थातच वेगळे आहे. शंकर पांडुरंग पंडित ह्यांच्या संपादकत्वाखाली इंदुप्रकाश छापखान्याने गाथा १८६९–७३ मध्ये छापली आणि तिचेच पुनर्मुद्रण मुंबई सरकारने १९५० मध्ये केले.

ह्याच परिसरात आलेल्या आणखी एका कवयित्रीचा उल्लेख येथे आवश्यक आहे. बहिणाबाई (१६२८–१७००) ही ब्राह्मण गृहिणी कुटुंबासह देहूस आली व तिने तुकारामांना गुरू मानले. शूद्राचा उपदेश घेतल्याबद्दल तिला मंबाजी गोसाव्याचा छळ व पतीचा राग दोन्ही सोसावे लागले. तिचे आत्मनिवेदनपर अभंग हे मराठीतील स्त्रीच्या आत्मचरित्रलेखनाचे आरंभीचे उदाहरण होय. घरकाम ही उपजीविका म्हणून चरित्रकार नोंदवीत नाहीत. त्यामुळे स्त्रीलेखकाच्या चरित्रात व्यवसायाची जागा रिकामी दिसते. प्रत्यक्षात त्या जागी सर्वांत जास्त तास खाणारा उद्योग असतो.

चिंचवडची परंपरा निराळी आहे. पवनेच्या काठी समाधी असलेल्या मोरया गोसावींच्या संस्थानाला पेशवाईत इनामे मिळाली व तेथील पदरचना देवस्थानाच्या आश्रयाने टिकली. आश्रयावर जगणाऱ्या वाङ्‌मयाला जतनाची चिंता नसते, परंतु त्याचा विस्तारही बेताचाच राहतो. चिंचवडच्याच एका कीर्तनकार कुटुंबातील दामोदर हरी चापेकर (१८६९–९८) ह्यांनी १८९७ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात आत्मवृत्त लिहिले. वडिलांच्या कीर्तनात साथ करणे हा चापेकर बंधूंचा कुलपरंपरागत व्यवसाय होता. सैन्यात शिरण्याची दामोदरपंतांची इच्छा मात्र सफल झाली नाही. रँड ह्या अधिकाऱ्याच्या वधाबद्दल १८ एप्रिल १८९८ रोजी त्यांना फाशी झाली. त्यांचे हस्तलिखित सरकारी दप्तरात पडून राहिले आणि ते ग्रंथरूपाने वाचकांपुढे येण्यास अनेक दशके लागली. ग्रंथकार म्हणून त्यांची गणना क्वचितच होते.

मुद्रणाचा काळ आणि ‘ग्रंथकार’ ही संज्ञा : मुद्रणाबरोबर ग्रंथकार ही एक सामाजिक ओळख बनली. पेशवाईतील दक्षिणेच्या रकमेतून उभारलेल्या निधीतून मराठी ग्रंथांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी १८५१ मध्ये अस्तित्वात आली. शाळाखात्यातील शिक्षक, भाषांतरकार व न्यायखात्यातील अधिकारी हाच त्या काळातील लेखकवर्ग होता. लोकहितवादी न्यायाधीश होते, रानडेही न्यायाधीशच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शिक्षकाची नोकरी सोडून पुण्यात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. नोकरी आणि लेखन ह्यांत उघड निवड करण्याचा प्रसंग आलेल्या आरंभीच्या लेखकांपैकी ते एक होत.

१८७८ मध्ये पुण्यात रानडे व लोकहितवादी ह्यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ मध्ये दुसरी सभा भरली तेव्हा तिचे निमंत्रण जोतीराव फुले (१८२७–९०) ह्यांनाही गेले. फुल्यांनी ते नाकारले आणि नकाराची कारणे पत्राने कळविली. शेतकरी, कारागीर व अतिशूद्र ह्यांच्या हक्कांचा विचार ज्यांच्या ग्रंथांत नाही व ज्यांचे वर्तनही तसे नाही, त्यांच्या सभेशी आपल्या लोकांच्या सभांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. आपले ग्रंथ आपले आपण लिहू, अशी भूमिका त्यामागे होती. हे पत्र जातिभेदाच्या संदर्भात वारंवार चर्चिले गेले आहे. त्यातील व्यवसायाच्या बाजूकडे तुलनेने कमी लक्ष गेले. फुले स्वतः कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामास त्यांनी माल पुरविला होता, इंजिनीअरिंग खात्यातील कारभार त्यांनी आतून पाहिला होता आणि त्यावर पद्यरचनाही केली होती. शेतकऱ्याचा असूड (१८८३) ह्या ग्रंथातील पाटबंधारे, पाणीपट्टी व कर्जबाजारीपणा ह्यांविषयीची माहिती पुस्तकांतून घेतलेली वाटत नाही, ती ह्यामुळेच. सभेतील बहुतेक ग्रंथकार पगारदार होते, तर पत्र लिहिणारा स्वतःच्या धंद्यावर उभा होता. नकार देण्याचे बळ त्याला कोठून आले, ह्याचे उत्तर काही अंशी तरी येथे मिळते.

पगार आणि लेखन : विसाव्या शतकात मराठी लेखक प्रामुख्याने शिक्षक झाला. ज्ञानपीठ पुरस्कार मिळविणाऱ्या चार मराठी लेखकांपैकी वि. स. खांडेकर (१९७४) शिरोडे येथील शाळेत शिक्षक होते. विंदा करंदीकर (२००३) व भालचंद्र नेमाडे (२०१४) ह्यांनी महाविद्यालयांतून इंग्रजी शिकविले. कुसुमाग्रज (१९८७) मात्र चित्रपटसृष्टी व नियतकालिके ह्यांतून आले. शिक्षकी पेशाने मराठी साहित्याला निश्चित सुट्या, ग्रंथालय व वाचकवर्ग पुरविला. त्याबरोबरच वर्गात बोलण्याची एक लकबही त्याने साहित्यात आणली, आणि ती सर्वस्वी हितकारक ठरली असे म्हणता येत नाही. शिक्षणक्षेत्राबाहेरच्या नोकऱ्यांतून आलेल्या लेखकांची संख्या कमी असली, तरी त्यांचे काम वेगळे उठून दिसते. श्री. ना. पेंडसे (१९१३–२००७) मुंबईच्या बेस्ट उपक्रमात नोकरीस होते. कोकणावरील गारंबीचा बापू (१९५२) व रथचक्र (१९६२) ह्या कादंबऱ्या त्यांनी ती नोकरी सांभाळून लिहिल्या आणि बेस्टचा इतिहासही (१९७२) लिहिला. बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीवर होते. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात आरेखनकार होते. मंचरच्या शेळके घराण्यातील शान्ता शेळके (१९२२–२००२) ह्यांनी प्रथम आचार्य अत्रे ह्यांच्या नवयुगमध्ये काम केले, नंतर महाविद्यालयांतून अध्यापन केले आणि चित्रपटगीतेही लिहिली. चाकणहून उत्तरेस जाणाऱ्या रस्त्यावरील मंचरशी नाते असलेल्या ह्या कवयित्रीने १९९६ च्या आळंदी येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले.

केवळ लेखणीवर जगणाऱ्यांत गो. नी. दांडेकर (१९१६–९८) ह्यांचे नाव ठळक आहे. औद्योगिक पट्ट्याच्या पश्चिमेस असलेल्या तळेगाव दाभाडे येथे त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. शाळा अर्ध्यावर सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात गेले, पुढे गाडगेमहाराजांच्या सहवासात राहिले, वेदाध्ययन केले, गड व नद्या पायाखाली घातल्या. माचीवरला बुधा (१९५८) ह्या त्यांच्या कादंबरीतील नायक मुंबई सोडून मावळातील राजमाचीवर परततो. त्याच्या पुढच्याच वर्षी आलेल्या आम्ही भगीरथाचे पुत्र ह्या कादंबरीचा विषय भाक्रा-नानगल धरणाचे बांधकाम हा आहे. यंत्रयुगाकडे पाठ फिरविणे आणि त्याचे स्वागत करणे ह्या दोन्ही वृत्ती एकाच लेखकात इतक्या जवळ आढळाव्यात, हे मावळच्या तत्कालीन स्थितीचेच प्रतिबिंब म्हणता येईल.

दांडेकरांसारखे अपवाद का राहिले, ह्याचे कारण हिशेबात आहे. मराठी ललित पुस्तकाची आवृत्ती साधारणतः एक हजार ते अकराशे प्रतींची असते व लेखकाला किंमतीच्या दहा ते पंधरा टक्के मानधन मिळण्याची रीत आहे. दोनशे रुपये किंमतीच्या पुस्तकाची एक हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली, तरी दहा टक्क्यांनी लेखकाच्या हाती वीस हजार रुपये येतात आणि आवृत्ती खपण्यास अनेकदा काही वर्षे लागतात. एका कादंबरीस लागणारा वेळ लक्षात घेता ही रक्कम कारखान्यातील हंगामी कामगाराच्या मजुरीच्याही खाली जाते. सार्वजनिक ग्रंथालयांची खरेदी व महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी असलेली अनुदान योजना ह्यांचा थोडा आधार असतो. अन्यथा नवोदित लेखक पदरमोड करून पुस्तक छापतो आणि तसे करणारे लेखक कामगारवस्तीत कमी नाहीत.

औद्योगिक वसाहत : पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा केंद्र शासनाचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला व त्यानंतर पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्या दशकात भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथे कारखान्यांची दाटी झाली. टेल्को (२००३ पासून टाटा मोटर्स) व बजाज ऑटो हे त्यांतील प्रमुख होत. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये व महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. १९९० नंतर, विशेषतः २००० नंतर, मोटारउद्योग चाकणकडे सरकला. १६६० मध्ये शायिस्तेखानाला दीर्घकाळ झुंजविणाऱ्या संग्रामदुर्गाचे गाव आता मोटारींच्या सुट्या भागांसाठी ओळखले जाऊ लागले. सातारा, सोलापूर, अहमदनगर (आता अहिल्यानगर), बीड, उस्मानाबाद (आता धाराशिव) ह्या जिल्ह्यांतून आलेले तरुण येथे फिटर, टर्नर, वेल्डर झाले. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढला.

ह्या कामगारांत लिहिणारे बरेच निघाले. कारखान्यांतील कलामंडळे दिवाळी अंक काढीत, एकांकिका बसवीत व कविसंमेलने भरवीत. १९५३ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी व कामगार साहित्य संमेलनांनी ह्या हौसेला व्यासपीठ दिले. तथापि येथील लेखनाचा प्रकार पाहिला असता एक गोष्ट ध्यानात येते : कविता व एकांकिका भरपूर, कथा बेताच्या, कादंबरी विरळ. ह्याचे कारण प्रतिभेत शोधण्यापेक्षा पाळीत शोधणे उचित होय. पहिली, दुसरी व रात्रपाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर झोपेची वेळच स्थिर राहत नाही. मग लेखनाची कोठून राहणार? कविता पाळीला जाताना बसमध्येही जुळविता येते. एकांकिका समूहाने, तालमीत घडते. कादंबरीला मात्र अनेक महिने रोज एकाच वेळी मोकळे असलेले टेबल लागते. शाळेच्या दीर्घ सुटीत जे शक्य होते, ते रात्रपाळीत होत नाही.

गिरणगावाशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. मुंबईच्या गिरणीकामगारांतून अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) व नारायण सुर्वे (१९२६–२०१०) असे दोन थोर लेखक पुढे आले. साठे ह्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते. गिरणीत व इतरत्र मिळेल ती कामे करीत त्यांनी लोकनाट्ये, शाहिरी व फकिरासारखी (१९५९) कादंबरी लिहिली. सुर्वे ह्यांना रस्त्यावर टाकून दिलेल्या अर्भकावस्थेत गंगाराम सुर्वे ह्या गिरणीकामगाराने उचलून घरी आणले. गिरणीतील पोऱ्या, शाळेतील शिपाई व पुढे प्राथमिक शिक्षक असा त्यांचा प्रवास झाला. ऐसा गा मी ब्रह्म (१९६२) प्रसिद्ध झाला त्या सुमारास ते शिक्षक होऊ लागले होते. १९९५ मध्ये ते परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गिरणगावातही पाळ्या होत्या, दारिद्र्य तर पिंपरीपेक्षा अधिकच होते. परंतु तेथे चाळी होत्या. तमाशाचे फड, भजनी मंडळे व गावाकडच्या माणसांच्या खोल्या होत्या. आणि शाहिराला पक्षाचा कार्यकर्ता समजणारी डावी संघटना होती. अण्णाभाऊंच्या लेखनाला पहिला श्रोतृवर्ग तिने मिळवून दिला. पिंपरी-चिंचवडमध्ये कामगार विखुरलेल्या वसाहतींत व जुन्या गावठाणांच्या कडेला भाड्याने राहिला; संघटना बहुधा एकेका कारखान्यापुरती राहिली व तिचा भर वेतनकरारावर असे. गिरणीचा भोंगा मराठी साहित्यात जितका ऐकू येतो, तितका येथील कारखान्याचा येत नाही. भारतातील एका मोठ्या मोटारउत्पादन केंद्राविषयी मराठी कादंबरीने इतके अल्प लिहावे, ही उणीव मान्य केली पाहिजे.

चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील पूर-कनेरसर येथे नामदेव ढसाळ (१९४९–२०१४) ह्यांचा जन्म झाला. त्या वेळी तालुक्यात कारखाने नव्हते. भूमिहीन महार कुटुंबांपुढे मुंबईची वाट होती. वडील मुंबईत खाटिकखान्यात कामास होते. कामाठीपुरा–गोलपिठा परिसरात ढसाळ वाढले व काही काळ त्यांनी टॅक्सी चालविली. विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह गोलपिठा (१९७२) हा संग्रह निघाला, त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली. टॅक्सीचालकाला शहराचे जे गल्लीबोळ व जे रात्रीचे तास ठाऊक होतात, ते मराठी कवितेला तोवर ठाऊक नव्हते. खेडमधून पोटासाठी मुंबईला गेलेल्या मुलाने ती कविता लिहिली आणि पुढे अर्धा महाराष्ट्र पोटासाठी खेडला येऊ लागला.

दलित लेखकांच्या पिढीने लेखकाच्या उपजीविकेला प्रथमच विषय म्हणून साहित्यात आणले. बाबूराव बागूल ह्यांनी रेल्वेच्या कारखान्यात कामगार म्हणून काम केले होते. जेव्हा मी जात चोरली होती (१९६३) ह्या त्यांच्या संग्रहाच्या शीर्षककथेत नोकरी व भाड्याची खोली ह्यांच्यासाठी जात लपविण्याचा प्रसंग आहे. शंकरराव खरात वकील व पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आपल्या आत्मचरित्राला मात्र त्यांनी वडिलांच्या गावकीच्या कामाचे नाव दिले : तराळ-अंतराळ. लक्ष्मण माने ह्यांच्या उपरामध्ये (१९८०) टोपल्या विणणाऱ्या कैकाडी कुटुंबाची भटकंती आहे. ऊर्मिला पवार सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस होत्या; त्यांच्या आयदान (२००३) ह्या आत्मकथनाचे नाव आईच्या बांबूकामावरून आले. बेबीताई कांबळे (१९२९–२०१२) फलटणला किराणा मालाचे लहानसे दुकान चालवीत. माल बांधण्यासाठी येणाऱ्या रद्दीतून त्यांचे वाचन झाले. दुकानात बसूनच त्यांनी जिणं आमुचं (१९८६) लिहिले आणि घरच्यांना कळू नये म्हणून वह्या दडवून ठेवल्या. तुकारामांप्रमाणेच हेही वाण्याच्या दुकानातील लेखन होय. फरक इतकाच, की देहूच्या दुकानदाराचे शब्द उतरवून घेण्यास इतर लोक होते आणि फलटणच्या दुकानदारीणीला स्वतःचेच लेखन लपवावे लागले. खानदेशातील शेतकरी कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांना लिहिता येत नव्हते. पुत्र सोपानदेव व एक नातेवाईक ह्यांनी टिपून ठेवलेली त्यांची गाणी मृत्यूनंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे ह्यांच्या प्रयत्नाने प्रसिद्ध झाली. लेखनिक लाभला नसता तर त्या कवितांचे काय झाले असते, हा प्रश्न संताजींच्या वहीपासून चालत आलेला आहे.

पिंपरीच्या कारखान्याशी संबंध असलेल्या लेखकांत सर्वांत अधिक वाचल्या गेलेल्या सुधा मूर्ती (जन्म १९५०) ह्या मूळ कन्नड लेखिका होत. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थिनी असताना, १९७४ मध्ये, टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे वाचून त्यांनी जे. आर. डी. टाटा ह्यांना निषेधाचे पत्र लिहिले. त्यांना मुलाखतीस बोलाविण्यात आले व टेल्कोत यंत्रशाळेवर नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री-अभियंता ठरल्या. महाश्वेता इ. त्यांच्या कादंबऱ्यांची मराठी भाषांतरे मराठी वाचकाने आपल्याच मानल्या आहेत. त्यांच्या लेखनात कारखाना क्वचित येतो. त्यांच्या उदाहरणावरून व्यवसाय व आशय ह्यांचे नाते यांत्रिक नसते, हेही लक्षात येते. कारखान्यात काम करणारा कारखान्यावरच लिहील, अशी अपेक्षा करण्याचे कारण नाही.

ही अपेक्षा समीक्षेत मात्र रूढ आहे. यंत्रावरील माणसाची कविता ‘कामगार साहित्य’ ह्या सदरात जाते, शेतकऱ्याची ‘ग्रामीण’मध्ये, प्राध्यापकाच्या कवितेला ‘प्राध्यापकीय साहित्य’ असे सदर मिळत नाही, तिला केवळ कविता म्हणतात. हा भेद अन्यायाचा आहे. व्यवसायाची नोंद करावयाची तर ती सर्वांचीच केली पाहिजे. पिंपरी-चिंचवड येथे जानेवारी २०१६ मध्ये श्रीपाल सबनीस ह्यांच्या अध्यक्षतेखाली ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. कामगारनगरीतील ह्या भव्य संमेलनाचे यजमानपद एका खाजगी विद्यापीठाकडे होते. १८८५ मध्ये फुल्यांनी विचारलेला प्रश्न, ग्रंथकार कोणाला म्हणावयाचे हा, त्या मांडवातही अप्रस्तुत झाला नव्हता.

चाकणच्या कारखान्यांतून कायम कामगारांचे प्रमाण घटले असून कंत्राटी व शिकाऊ कामगार वाढले आहेत. कायम कामगाराला निदान कलामंडळ होते, सेवानिवृत्तीनंतर पुस्तक छापण्यापुरती शिल्लक होती. ठराविक महिन्यांनी कारखाना बदलणाऱ्या तरुणाला ह्यांपैकी काही नाही. शिवाय ह्या कामगारांतील अनेक जण उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले आहेत. त्यांची गाणी व कविता भोजपुरी, हिंदी, ओडिया ह्या भाषांत होतात आणि खेड तालुक्यात लिहिली गेली तरी मराठी वाङ्‌मयेतिहासाच्या कक्षेत येत नाहीत. त्या उतरवून घेणारा कोणी संताजी त्यांच्या खोल्यांवर आहे की नाही, ह्याची नोंद मराठी ग्रंथसूचीत सापडणार नाही.